विचारा बिनधास्त: ॲपं सतरा झाली, लक्ष कुठाय?

दोन अंकांपूर्वी मी बोलता बोलता लिहून गेले की माझं स्वतःचं लक्ष जेमतेम चहाला उकळी येईपर्यंत टिकतं, आणि तेव्हापासून पत्रांचा आणि मेलांचा जो काही पाऊस पडलाय की बस. बहुतेकांचं म्हणणं एकच, लक्ष लागत नाही, कुठलं ॲप घेऊ? म्हणून या वेळी फक्त तेच. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, पण या दुकानातला बराच माल स्वतः वापरून, मधेच सोडून, परत घेऊन झालाय.

ताई, मी ३६ वर्षांची, बोरिवलीला राहते, फोर्टात इन्शुरन्सच्या ऑफिसमधे क्लेमच्या फायली बघते. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी एडीएचडी सांगितलं, म्हणजे लक्ष एका जागी टिकतच नाही तो प्रकार, गोळ्या चालू आहेत, फरकही आहे. पण लक्ष लागावं म्हणून आत्तापर्यंत सात का आठ ॲपं घेतली, दोनचे तर पैसे भरले. प्रत्येक ॲप दोन आठवडे मस्त चालतं, मग एक दिवस राहून जातं, आणि मग ते उघडायचीच लाज वाटायला लागते. टायमर लावून २५ मिनिटं बसणंही जमत नाही. नवरा म्हणतो तुला शिस्तच नाही. खरंच नाही का?

शिस्तीचं राहू दे बाजूला, आणि नवऱ्याला सांगा की दोन आठवडे रोज न चुकता केलंत ती शिस्तच होती. गंमत कुठे आहे सांगते. नवीन ॲप घेणं, त्यातला रंग निवडणं, कामांच्या याद्या करणं, प्रत्येक यादीला छोटंसं चित्र लावणं, यात जी मजा येते ना ती कामाची नसते, नवेपणाची असते, आणि आपल्यासारख्यांच्या डोक्याला नवेपणा म्हणजे पावसातली गरमागरम भजी. दोन आठवड्यांत भजी गार होतात. ॲप तेच, तुम्ही त्याच, फक्त नवेपणा गेला. तेव्हा दोन आठवडे चालतं हा तुमचा दोष नाही, ती या मालाची एक्सपायरी डेट आहे असं समजा. जुनं परत घेतलं तरी चालतं हेही लक्षात ठेवा. मी एक टायमर वर्षातून तीनदा सोडते आणि तीनदा परत धरते, आणि दर वेळी तो मला पुन्हा नवाच वाटतो!

दुसरं, लाजेचं. मी आता कुठलंही ॲप घेताना एकच बघते, चार दिवस उघडलं नाही तर पाचव्या दिवशी ते माझ्याशी कसं वागतं. एक होतं, नाव नको, त्यात सलग ४१ दिवस झाले होते आणि गणपतीत गावी गेले तेव्हा राहिलं, परत आले तर मोठ्ठा शून्य आणि एक रडकं तोंड. मी ते जे बंद केलं ते आजतागायत. ज्याला स्पर्धा आवडते त्याला असला आकडा चढवत न्यायला मजा येत असेल, पण ज्याला लहानपणापासून "वेंधळी, अर्धवट काम" हेच ऐकायला मिळालंय त्याला अजून एक रागवणारं माणूस खिशात कशाला हवंय. फॉरेस्ट नावाचं ॲप तुम्ही घेतलं असेलच, त्यात ठरवलेला वेळ फोनला हात लावला नाही तर झाड वाढतं आणि मधेच बाहेर पडलात तर वाळतं. वाळलेलं झाड बघून ज्याला हसू येतं त्याने खुशाल वापरावं, ज्याला रडू येतं त्याने नाही. इतकं साधं आहे हे.

आता काय करा ते. आधी नवीन काही घेऊ नका, फोनमधे जे फुकट पडलंय ते बघा. अँड्रॉइड असेल तर सेटिंग्जमधे डिजिटल वेलबीइंग म्हणून असतं, त्यात फोकस मोड आहे, तुम्हाला जी तीन-चार ॲपं खेचतात ती निवडायची आणि वेळ लावून द्यायची, समजा सोमवार ते शुक्रवार साडेदहा ते साडेबारा, की ती आपोआप झोपतात. वेळ लावून द्यायची हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण रोज सकाळी "आता फोकस मोड चालू करू" हे ज्याला आठवतं त्याला फोकस मोडची गरजच नसते! आणि हा मोड दरवाजा फक्त लोटून घेतो, कुलूप लावत नाही, पाच मिनिटं ब्रेक घ्यायची सोय त्यातच आहे. आयफोनमधेही २०२१ पासून फोकस आहे, त्यात कोणाचे फोन यायचे, कुठल्या ॲपचे निरोप दिसायचे हे आपण ठरवायचं. मुलाच्या शाळेचा आणि सासूबाईंचा फोन आला पाहिजे, चपलांच्या सेलचा निरोप नाही आला तरी चालेल.

याहून मवाळ काही हवं असेल तर वन सेक म्हणून एक आहे. तुम्ही इन्स्टा उघडायला गेलात की ते मधे येऊन एक श्वास घ्यायला लावतं आणि मग विचारतं, खरंच उघडायचंय का? बास, एवढंच. हो म्हटलं तर उघडू देतं, कटकट नाही. यावर २०२३ मधे एक पेपर आला होता, २८० माणसं, सहा आठवडे, आणि ३६ टक्के वेळा लोकांनी तिथल्या तिथे ॲप बंद केलं. पेपर लिहिणाऱ्यांत ॲप बनवणारा स्वतःही होता हे लक्षात ठेवूनच वाचा, पण मला यातली गोष्ट पटते ती अशी की आपला अंगठा आपल्या आधी पोचलेला असतो, आपल्याला फक्त त्याला गाठायला एक श्वास पाहिजे असतो.

टायमरचं तुम्ही लिहिलंय की २५ मिनिटं जमत नाहीत. अहो नाही जमत तर नका करू, २५ काही ज्ञानेश्वरीत लिहिलेले नाहीत. २५ मिनिटं काम आणि मग छोटा ब्रेक, हे पोमोडोरो प्रकरण काढलं फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने, १९८० च्या दशकाच्या शेवटी, तेव्हा तो कॉलेजात होता आणि अभ्यासात मन लागत नव्हतं, स्वयंपाकघरातला टोमॅटोच्या आकाराचा टायमर घेऊन बसला, इटालियनमधे पोमोडोरो म्हणजे टोमॅटो. आणि त्याने स्वतःशी पहिली पैज लावली ती २५ ची नव्हतीच, दहा मिनिटं तरी खरंखुरं वाचून दाखव, एवढीच होती. तर तुम्ही सात करा, एक फाईल करा. आणि उलटंही, एखाद्या दिवशी गाडी सुसाट सुटली असेल आणि टायमर वाजला तर ब्रेक घ्यायचाच असं काही नाही, आपली गाडी एकदा थांबली की परत कधी सुटेल ते आपल्यालाही माहीत नसतं. टायमरचा आवाज मात्र बदला, तो सायरन काढून नुसतं व्हायब्रेशन ठेवा, दचकून उठलं की पुढची दहा मिनिटं वायाच.

आणि रोज ट्रेनमधे बसायला मिळत असेल तर अंधेरी यायच्या आत आजची एक फाईल ठरवून कागदाच्या चिठ्ठीवर लिहायची. चिठ्ठी कीबोर्डवर. चिठ्ठीला चार्जिंग लागत नाही, आणि हरवली तरी ती रडकं तोंड करत नाही.

आमचा मुलगा नववीत आहे, मुलुंडला राहतो आम्ही. यंदा एडीएचडीचं निदान झालं. अभ्यासाला बसला की दर दोन मिनिटांनी उठतो, टॅबवर क्लासचे व्हिडिओ बघता बघता भलतंच काही बघत बसतो. पाच मिनिटांत आवर म्हटलं की अर्धा तास लावतो, आणि शाळेचा प्रोजेक्ट आला की घरात तमाशा. ह्यांचं म्हणणं टॅबला कडक लॉक टाकायचं आणि पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा. मला भीती वाटते तो अजून चिडेल. काय करावं?

तुमची भीती बरोबर आहे, आणि ह्यांची काळजीही खोटी नाही. पण कडक लॉकचं काय होतं ते मी तीन घरांत बघितलंय. पहिल्या आठवड्यात शांतता, दुसऱ्या आठवड्यात पोराला पासवर्ड माहीत, तिसऱ्यात तो मित्राच्या फोनवर, आणि मधल्या मधे घरात जासूसगिरी चालू. बंधन नको असं नाही म्हणत मी, पण त्याच्यासमोर बसून, त्याला विचारून लावा, तुला कुठे घसरायला होतं ते तूच सांग म्हणावं. नववीतल्या मुलाला ते बरोब्बर माहीत असतं.

व्हिडिओंसाठी टॅबऐवजी घरातला कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप वापरता आला तर बघा, कारण तिथे ब्राउझरमधे अनहूक नावाचं छोटं एक्स्टेंशन टाकता येतं, फुकट आहे, ते यूट्यूबच्या बाजूची सगळी "हेही बघा, तेही बघा"ची रांग गायब करतं. उरतो तो फक्त लावलेला व्हिडिओ. पोराच्या हातातून काही काढून घेतलं असं होत नाही, नुसतं रस्त्यातलं मिठाईचं दुकान दिसेनासं होतं. लीचब्लॉक म्हणून अजून एक आहे, त्यात साईट पूर्ण बंद करण्याऐवजी उघडायला थोडा उशीर लावता येतो, तीस सेकंद थांब आणि मग जा. आपल्या पोरांना तीस सेकंद म्हणजे तीस वर्षं, बऱ्याचदा तेवढ्यात विचारच बदलतो.

पण खरं सांगू का, मला तुमच्या पत्रातली दुसरी ओळ जास्त महत्त्वाची वाटली, "पाच मिनिटांत आवर म्हटलं की अर्धा तास लावतो". या मुलांना वेळ आतून जाणवतच नाही, पाच मिनिटं आणि पन्नास मिनिटं सारखीच. ती डोळ्यांना दिसावी लागते. मुलुंड स्टेशनवर इंडिकेटरवर तीन मिनिटं दिसली की तो कसा जिना धावत उतरतो बघा, तिथे कोणी ओरडावं लागत नाही! तसंच काहीतरी घरात पाहिजे. अमेरिकेत जॅन रॉजर्स नावाच्या एका आईने १९९४ साली टाइम टायमर काढला, तिची लहान मुलगी सारखी विचारायची अजून किती वेळ, तर तिने घड्याळावर लाल चकती बसवली, वेळ संपत जातो तशी चकती लहान होत जाते, आकडे वाचायचे नाहीत, हिशोब करायचा नाही. तसलाच टायमर आता फोनच्या ॲपमधेही मिळतो. पण मी तर म्हणते भिंतीवरचं काट्यांचं घड्याळ खाली काढा, काचेवर व्हाइटबोर्डच्या पेनने आत्तापासून पाऊण तासापर्यंतची फोड रंगवा, मोठा काटा रंगाबाहेर गेला की उठायचं. खर्च वीस-तीस रुपयांचं पेन.

प्रोजेक्टच्या वेळी जो तमाशा होतो म्हणताय त्याला गॉब्लिन टूल्स बघा, वेबसाईटवर फुकट आहे. त्यात मॅजिक टू-डू म्हणून एक खण आहे, "भूगोलाचा प्रोजेक्ट" असं लिहिलं की ते त्याचे छोटे छोटे तुकडे करून देतं, आणि बाजूला मिरच्या असतात, जितक्या जास्त मिरच्या तितके बारीक तुकडे. कधी कधी अगदीच बावळट तुकडे देतं, "टेबलाजवळ जा" वगैरे, पण हसू नका, काही दिवशी नेमकं तेवढंच जमत नसतं. नको ते तुकडे पुसून टाकायचं काम मुलालाच द्या.

आणि हे सगळं डॉक्टरांनी जे सांगितलंय त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नाही.

ताई मी एमपीएससीची तयारी करतोय, वय २४, वरळीला बीडीडी चाळीत लहानाचा मोठा झालो, सध्या ट्रान्झिटच्या घरात सहा जण. टीव्ही, कुकर, भांडण सगळं एकाच खोलीत. मला निदान वगैरे काही नाही पण एकटा बसलो की पान पुढे सरकतच नाही आणि लोकांत बसलो की होतं, असं का? आणि फुकटचं काही ॲप?

अरे, वरळीत वाढलास आणि हे मला विचारतोस! तुमची अभ्यास गल्ली काय आहे मग? सुदाम काळू अहिरे मार्गावर रस्त्याच्या दिव्याखाली पोरं पुस्तक घेऊन बसतात, कोणी कोणाला शिकवत नाही, कोणी कोणाशी बोलतही नाही, नुसतं शेजारी कोणीतरी वाचतंय म्हणून आपणही वाचतो. याला आता परदेशात बॉडी डबलिंग असं भारी नाव आहे आणि एडीएचडीवाल्यांमधे ते जाम चालतं. फोकसमेट म्हणून साईट आहे, तिथे २५, ५० किंवा ७५ मिनिटांसाठी कोणीतरी अनोळखी माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो, सुरुवातीला एकमेकांना सांगायचं मी काय करणार, मग गप्प काम, शेवटी सांगायचं किती झालं. आठवड्याला तीन बैठका फुकट. म्हणजे तुमच्या चाळीतल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट केलं ते आता डॉलरमधे विकतात, असो.

तुला डेटा परवडत असेल तर मित्राला व्हिडिओ कॉल लाव, दोघांचे माइक बंद, कॅमेरा वहीवर, झालं काम. एवढंच, की जो मित्र सारखा बोलतो तो नको, जो कंटाळवाणा आहे तो निवड, तो सोनं आहे.

आवाजाचं म्हणशील तर इयरफोनमधे पावसाचा किंवा ब्राउन नॉइजचा आवाज लाव, ब्राउन नॉइज म्हणजे लांबून धबधबा ऐकू यावा तशी जाड घरघर. आयफोनमधे असले आवाज ॲक्सेसिबिलिटीत आधीच दिलेले आहेत, बाकी फोनला एकदा फाईल डाउनलोड करून ठेव, म्हणजे नेट बंद ठेवता येतं, यूट्यूबवर लावायला गेलास तर पावसाच्या शेजारी क्रिकेटचे हायलाइट्स दिसणार आणि तू गेलास. मात्र हे सगळ्यांना चालतं असं नाही बरं का. २००७ साली स्वीडनमधे मुलांवर एक प्रयोग झाला होता, पाठीमागे खरखर चालू असताना एडीएचडीच्या मुलांना जास्त लक्षात राहिलं आणि बाकीच्या मुलांचं उलट बिघडलं. तेव्हा दोन दिवस लावून, दोन दिवस न लावता बघ, पानं मोज, तुझं तुलाच कळेल.

मी २७, अंधेरीला आयटीत. रील्समधे एडीएचडीची जी लक्षणं सांगतात ती सगळीच्या सगळी मला जुळतात. मग मला आहे का? गोळ्या कुठून मिळतील?

रील्समधली लक्षणं मलाही जुळतात, माझ्या मांजरालाही जुळतात. सगळी जुळतात याचं एक कारण असं की तुम्ही असली तीन रील्स पूर्ण बघितली की चौथं तसलंच येतं. पण थट्टा पुरे, त्रास होत असेल तर तो खरा आहे आणि तो नीट तपासून घ्या. डॉक्टर जे बघतात ते साधारण असं, ही लक्षणं बाराव्या वर्षाच्या आधीपासून होती का, फक्त ऑफिसमधे आहेत की घरी, मित्रांत, सगळीकडे आहेत, आणि त्याने आयुष्यात खरंच अडतंय का. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं शोधून ठेवा, "हुशार आहे पण लक्ष देत नाही" असला शेरा कामाला येतो. झोप कमी, थायरॉइड, चिंता, डिप्रेशन, यातल्या कशानेही लक्ष उडतं आणि त्यांचे उपचार वेगळे. केईएम, सायन, नायर इथे मानसोपचाराची ओपीडी आहे, प्रायव्हेटची फी परवडत नसेल तर तिथे जा, फक्त रांगेची तयारी ठेवा. आधी कोणाशी तरी बोलायचं असेल तर टेलिमानस, १४४१६, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. गोळ्यांचं फक्त मानसोपचारतज्ज्ञच सांगतील, मित्राच्या डबीतली एक घेऊन बघू असलं काही करू नका, अजिबात.

सप्रेम नमस्कार. वय ६८, दादर, निवृत्त. फोन हातात घेतो विजेचं बिल भरायला आणि अर्ध्या तासाने लक्षात येते की बिल राहिले आणि मी नातवंडांचे व्हिडिओ बघत बसलो आहे. यावर काही सॉफ्टवेअर आहे काय?

काका, नमस्कार. आहे, तुमचा आवाज. फोन उचलायच्या आधी मोठ्याने म्हणायचं, "बिल भरायला घेतोय." घरात कोणी ऐकलं तर अजूनच बरं, ते दहा मिनिटांनी विचारतील. शिवाय नातवाला सांगून पहिल्या स्क्रीनवर फक्त फोन, बिलाचं ॲप आणि कॅमेरा ठेवा, व्हॉट्सॲप दुसऱ्या पानावर आत कुठेतरी, आणि स्क्रीन काळीपांढरी करून घ्या, ग्रेस्केल म्हणतात त्याला, रंग गेले की व्हिडिओतला अर्धा जीव जातो. नातवंडं रंगीतच बघायची असतील तर संध्याकाळी परत चालू करा, त्यात काय. फक्त फोन सोडून इतर गोष्टीही, गॅस, किल्ल्या, ओळखीची नावं, हल्ली जास्त विसरायला होत असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवा, ते ॲपचं काम नाही.

आणि काका, तुमचं पत्र हाताने लिहिलेलं, दोन्ही बाजूंनी, एकही खाडाखोड नाही. मी हे उत्तर तीन बैठकांत लिहिलं, मधे एकदा फ्रीज साफ केला.